नवोदित की मुरलेला? बेसबॉलच्या संघनिवडीवर वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या संघनिवडीवर लेख होता. होतकरू पोरगा दार ठोठावत असतो आणि त्याच्या जागेवर दहा-बारा वर्षे खेळलेला खेळाडू बसलेला असतो, अशा वेळी संघ काय करतात, हा त्याचा विषय. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. एका आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत. उत्तरांतले नियम 2022 ते 2026 या काळासाठी झालेल्या खेळाडू-मालक करारातले आहेत.

प्रश्न: ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या लगेच खालची लीग) 22 वर्षांचा मुलगा .330 च्या सरासरीने (शंभर वेळा बॅटिंगमध्ये 33 हिट) धुलाई करतोय आणि वरच्या संघातला 35 वर्षांचा बॅटर .210 वर अडकलाय. आम्हाला घरी बसून दिसतं ते व्यवस्थापनाला दिसत नाही का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, ऐरोली

दिसते. पण तुम्ही दोन खेळाडूंची तुलना करता आणि व्यवस्थापन दोन निर्णयांची. मुलाला आज वर आणले नाही, तर पंधरा दिवसांनी आणता येते. जुन्या खेळाडूला आज काढले, तर तो सहसा परत मिळत नाही. कोणता निर्णय फिरवता येतो आणि कोणता नाही, हे कळले की संघनिवडीचे निम्मे कोडे सुटते. म्हणून नियम जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक संघाच्या दोन याद्या असतात: 26 जणांची खेळती यादी आणि 40 जणांची मोठी यादी. 26 मध्ये यायचे तर आधी 40 मध्ये नाव हवे. मोठ्या यादीतल्या नव्या खेळाडूला संघ साधारण तीन हंगाम खालच्या लीगमध्ये पाठवू शकतो आणि परत बोलावू शकतो. याला ऑप्शन म्हणतात. एका हंगामात खाली 20 दिवस भरले की त्या वर्षाचा ऑप्शन खर्ची पडला. 19 दिवसांत परत बोलावले तर तो शाबूत राहतो. पूर्वी एकाच हंगामात एखाद्याला कितीही वेळा वर-खाली करता यायचे. आता पाच वेळांनंतर त्याला वेव्हर्समधून जावे लागते, म्हणजे इतर संघांना त्याला उचलण्याची संधी मिळते. शिवाय खाली गेलेला बॅटर 10 दिवस आणि पिचर (चेंडू टाकणारा) 15 दिवस परत येऊ शकत नाही. वरचा कोणी जखमी झाला तरच सूट.

मुरलेल्या खेळाडूची गोष्ट वेगळी. मेजर लीगमध्ये पाच वर्षांची सेवा झाली की त्याच्या संमतीशिवाय त्याला खाली पाठवता येत नाही. मग एकच रस्ता उरतो: त्याला मोठ्या यादीतून काढायचे. याला डीएफए म्हणतात. काढल्यापासून सात दिवसांत त्याचा सौदा करायचा, त्याला वेव्हर्सवर टाकायचे किंवा मोकळे करायचे. वेव्हर्सवर जो संघ त्याला उचलेल, त्याच्या गळ्यात उरलेला पगारही पडतो, त्यामुळे महागड्या खेळाडूकडे सहसा कोणी फिरकत नाही. तो मोकळा झाला की मात्र फोन वाजू लागतात. नव्या संघाला फक्त किमान वेतन द्यायचे असते (2026 साठी पूर्ण हंगामाचे 7,80,000 डॉलर, उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात), बाकी पगार जुनाच संघ भरतो. म्हणजे पैसे तुमचे आणि खेळ दुसऱ्यासाठी.

ही भीती खरी आहे, पण तिच्यापायी संघ फार वेळ थांबतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. लॉस एंजेलिस एंजल्सचा 2012 चा एप्रिल बघा. पहिल्या 20 सामन्यांत 14 पराभव. बॉबी अब्रेऊ 38 वर्षांचा, पगार 90 लाख डॉलर, सरासरी .208. खाली ट्रिपल-एतल्या सॉल्ट लेक संघात 20 वर्षांचा माइक ट्राउट .403 ने मारत होता. आदल्या वर्षी ट्राउटला 40 सामने वर खेळवले होते तेव्हा त्याची सरासरी फक्त .220 होती, म्हणून मनात धाकधूक. शेवटी एप्रिलच्या अखेरीस अब्रेऊला मोकळे करून ट्राउटला आणले. त्याने .326 ची सरासरी, 30 होमरन (सीमेपलीकडे मारलेले फटके) आणि 49 चोरलेले बेस (पिचरची नजर चुकवून पळत गाठलेले) अशी वर्षअखेर केली आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला. संघ मात्र प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) मुकला. 90 लाख अब्रेऊ खेळला तरी जाणार होते आणि घरी बसला तरी. पगार हा मुद्दाच नव्हता, मुद्दा जागेचा होता.

प्रश्न: शिकागो कब्जच्या होतकरू क्रिस ब्रायंटला 2015 मध्ये सुरुवातीला खाली का ठेवले होते? एका दिवसाने एक वर्ष कसे जाते, ते आकड्यांत सांगाल का?
– वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

सांगतो. खेळाडूच्या सेवेचे एक वर्ष म्हणजे 172 दिवस. हंगाम त्याहून लांब असतो. 2015 मध्ये तो 183 दिवसांचा होता. अशी सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळ्या बाजारात जाऊ शकतो. तीन वर्षे भरली की पगारासाठी लवादाकडे जाता येते. दोन वर्षे पूर्ण पण तीन अपुरी असलेल्यांपैकी सर्वाधिक दिवस भरलेल्या 22 टक्के खेळाडूंना ही मुभा एक वर्ष आधीच मिळते.

ब्रायंटने सराव सामन्यांत नऊ होमरन मारले होते, कोणत्याही संघातल्या कोणाहीपेक्षा जास्त. तरी शिकागो कब्जने त्याला खाली ठेवले आणि 17 एप्रिलला वर आणले. 183 वजा 12, राहिले 171. एक दिवस कमी पडला, आणि तो 2020 नंतर मोकळा होण्याऐवजी 2021 नंतर झाला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याने तक्रार केली. 2020 मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला, कारण संघाने दिलेले कारण क्षेत्ररक्षणावर काम करायचे आहे, असे होते आणि ते खोटे ठरवणे अवघड होते.

2022 च्या करारात यावर दोन उपाय आले. नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या पात्र खेळाडूला, तो केव्हाही वर आला असला तरी, पूर्ण वर्षाची सेवा मिळते; बॉल्टिमोरचा कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) ॲडली रच्मन याला त्याच वर्षी ती मिळाली. आणि नावाजलेल्या होतकरूला पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या संघाला, त्याने पुढे पुरस्कार जिंकला तर, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जास्तीची निवड मिळते. सिॲटलला हुलिओ रॉड्रिगेसमुळे ती मिळाली. पहिला उपाय खेळाडूच्या बाजूचा, दुसरा संघाच्या लोभाला हात घालणारा. आमच्या मते दुसराच जास्त उपयोगी ठरला. दंडापेक्षा बक्षिसाने मालक लवकर हलतात.

प्रश्न: 26 पैकी पिचर किती?
– वाचक, सानपाडा

जास्तीत जास्त 13. साधारणपणे पाच सुरुवातीचे आणि आठ नंतर येणारे. उरलेल्या 13 मध्ये नऊ जण खेळतात, म्हणजे बाकावर चौघेच: दुसरा कॅचर, एक इनफिल्डर, एक आउटफिल्डर आणि एक मोकळा. फक्त बॅटिंग येणाऱ्या जुन्या खेळाडूला जागा मिळणे इतके कठीण का, ते या चार जागांवरून कळेल.

प्रश्न: नव्या पोराला किती संधी दिल्यावर निर्णय घ्यावा? आमच्याकडे दोन सामन्यांत अपयशी ठरला की डच्चू.
– क्रीडाशिक्षक, नेरूळ

सरासरीवर जाऊ नका, ही पहिली गोष्ट. 40 वेळा बॅटिंग केलेल्या दोघांपैकी एकाची सरासरी .250 आणि दुसऱ्याची .300 असेल, तर फरक फक्त दोन हिटचा, 10 आणि 12. दोन चेंडू फिल्डरपासून हातभर लांब पडले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे) प्रमाण साधारण 60 वेळा बॅटिंगला आल्यावर भरवशाचे होते, वॉकचे (चार बाहेरच्या चेंडूंवर पहिला बेस फुकट मिळण्याचे) 120 नंतर. सरासरी अख्ख्या हंगामातही नीट स्थिरावत नाही.

मग बघायचे काय? स्ट्राइक झोनबाहेरच्या (मारण्याजोग्या टप्प्याबाहेरच्या) चेंडूवर बॅट किती वेळा फिरते. ताशी 95 मैलांच्या, म्हणजे 153 किलोमीटरच्या पुढच्या चेंडूवर तो वेळेत पोहोचतो का. दोन स्ट्राइक झाल्यावर ब्रेकिंग बॉलवर, म्हणजे वळणाऱ्या चेंडूवर, तो काय करतो. आणि चेंडू बॅटवरून किती जोरात निघतो. मेजर लीगमध्ये ताशी 95 मैल किंवा त्याहून जोरात निघालेल्या चेंडूला हार्ड हिट म्हणतात. पोरगा शून्यावर बाद होत असेल, पण चेंडू जोरात थेट फिल्डरच्या हातात जात असेल, तर त्याला हात लावू नये. उलट दोन हिट मिळाल्या, पण दोन्ही बॅटच्या कडेला लागून घरंगळलेल्या, तर खूश होण्याचे कारण नाही.

जॅक्सन हॉलिडे 2022 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. बॉल्टिमोरने त्याला एप्रिल 2024 मध्ये 20 व्या वर्षी वर आणले. दहा सामन्यांत 34 वेळा बॅटिंग, दोन हिट, 18 स्ट्राइकआउट. संघाने त्याला परत पाठवले आणि चाहते चिडले. पण इथे सरासरी नाही, ते 18 बोलत होते: त्याला वेगवान चेंडू दिसायच्या आत जात होता. खाली तीन महिने रोज खेळून 31 जुलैला तो आला आणि त्याच दिवशी त्याने कारकिर्दीतला पहिला होमरन मारला, तोही तिन्ही बेस भरलेले असताना. ऑप्शन कशासाठी असतो, ते यातून समजते. चुकले तर मागे घेता येते म्हणूनच धाडस करायचे.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे पोराला वर आणून बाकावर बसवणे. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या विशीतल्या बॅटरची टायमिंगची सवय मोडते. खाली त्याला रोज चार-पाच वेळा बॅट हातात मिळते. आठवड्यातले किमान पाच सामने द्यायची तयारी नसेल, तर आणूच नये.

प्रश्न: जुना खेळाडू संपला की नुसता फॉर्म गेला, हे कसे ओळखतात?
– दोन वाचक, वाशी आणि नौपाडा

आधी फिजिओला विचारतात. मनगट किंवा पोटरी दुखत असेल तर खेळाडू सांगत नाही आणि आकडे वयासारखेच दिसतात.

दुखापत नसेल तर पिचरचा फास्टबॉल बघायचा, पण एप्रिलचा वेग मागच्या एप्रिलशी ताडायचा. थंडीत सगळ्यांचाच वेग कमी असतो, एप्रिलची तुलना ऑगस्टशी केली की उगाच घाबरगुंडी उडते. ताशी दोन मैल गेले आणि मे संपेपर्यंत परत आले नाहीत, तर ते गंभीर. बॅटरच्या बाबतीत लक्षण असे: ज्या फास्टबॉलला तो पूर्वी ओढून मारायचा, त्यालाच आता फाउल करतो, म्हणजे रेषेबाहेर घालवतो. उशीर होतोय हे त्याला स्वतःला कळते, म्हणून तो बॅट लवकर फिरवायला सुरुवात करतो. मग हळू वळणाऱ्या चेंडूंवर फसतो आणि झोनबाहेरच्या चेंडूंमागे धावणे वाढते. दोन्ही गोष्टी एकदम दिसू लागल्या तर तो फॉर्म नाही, वय आहे. पळण्याचा वेग तर त्याही आधी, पंचविशीनंतरच उतरू लागतो. म्हणूनच शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) तिसऱ्या बेसवर जातो आणि सेंटर फिल्डर कडेला.

पण संपलेला म्हणजे निरुपयोगी नव्हे. अल्बर्ट पुहोल्सला एंजल्सने मे 2021 मध्ये काढले तेव्हा तो 41 वर्षांचा होता, सरासरी .198. पहिल्या बेसवर जॅरेड वॉल्श चांगला खेळत होता आणि फक्त बॅटिंगच्या जागेवर शोहेई ओहतानी. रोज खेळवायला जागा नव्हती, आणि रोज खेळवण्याइतका तो राहिलाही नव्हता. पुढच्या वर्षी सेंट लुइसने त्याला डावखुऱ्या पिचर्ससमोर प्रामुख्याने वापरले. त्याच वर्षी नॅशनल लीगमध्येही फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूची जागा आली होती. त्याने 24 होमरन मारले आणि एकूण 703 वर निवृत्त झाला. काढणारा संघही बरोबर होता आणि घेणाराही. कामाची वाटणी बदलली, माणूस तोच.

कॅचर मात्र या हिशेबात बसत नाही. पिचरला कोणता चेंडू कधी मागायचा, ही जाण वयाबरोबर वाढते, म्हणून .200 च्या आसपासचा पस्तिशीतला दुसरा कॅचर संघात टिकतो. त्याला काढून 23 वर्षांचा आणणे बहुतेकदा चूक असते, विशेषतः पिचर्स तरुण असतील तर.

प्रश्न: रूल फाइव्ह ड्राफ्ट म्हणजे काय?
– वाचक, खारघर

होतकरूंना खाली कुजवत ठेवता येऊ नये यासाठीची सोय. 18 व्या वर्षी किंवा आधी करार केलेल्याला पाच हंगामांत आणि 19 किंवा नंतर करार केलेल्याला चार हंगामांत 40 च्या यादीत घ्यावे लागते. नाही घेतले, तर डिसेंबरमध्ये दुसरा संघ 1,00,000 डॉलर देऊन त्याला उचलतो. पण उचलणाऱ्याने त्याला पुढचा अख्खा हंगाम 26 मध्ये ठेवायचे. नाही जमले तर वेव्हर्सनंतर 50,000 डॉलरला जुन्या संघाला परत देऊ करायचे. नोव्हेंबरमध्ये एखादा ओळखीचा जुना खेळाडू अचानक मोकळा झालेला दिसतो, तो बऱ्याचदा याच कारणाने. रोबेर्तो क्लेमेंतेला पिट्सबर्गने 1954 मध्ये डॉजर्सकडून असेच पळवले. त्याने पुढे 3000 हिट मारल्या.

प्रश्न: आमचा खुल्या गटाचा छोटा क्लब आहे, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळतो. मुख्य पिचर 34 वर्षांचा, भरवशाचा. 17 वर्षांचा मुलगा वेगाने टाकतो, पण दोन इनिंगनंतर भरकटतो. रविवारी दोन सामने असतात. कोणाला कधी खेळवावे?
– क्लबचे प्रशिक्षक, घणसोली

तुमच्याकडे खालची लीग नाही, म्हणून ऑप्शन सामन्याच्या आतच शोधायचा.

सॉफ्टबॉलमध्ये तो नियमातच आहे: सुरुवातीच्या संघातला खेळाडू बाहेर गेला तरी एकदा परत येऊ शकतो, फक्त बॅटिंग क्रमातल्या आपल्याच जागी. तेव्हा मोठ्याला सुरुवात द्या, मधल्या दोन इनिंग मुलाला, आणि गरज पडली तर मोठा परत. आधी मुलाला आणि मग मोठ्याला, असे केले तर मुलगा कोसळल्यावर मोठा गार पडलेल्या खांद्याने येतो. स्पर्धेची नियमपत्रिका मात्र आधी वाचा, काही ठिकाणी फेरबदल असतात.

बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. पण संघात असलेल्या पिचरला दुसऱ्या जागी हलवून परत आणता येते. दोघांनाही सुरुवातीच्या नऊमध्ये ठेवा, मुलाला पहिल्या बेसवर किंवा उजव्या आउटफिल्डमध्ये. तिसऱ्या इनिंगच्या सुरुवातीला अदलाबदल करा. मुलगा डगमगला तर पुन्हा अदलाबदल. इथे दोन खाचखळगे. एकाच इनिंगमध्ये पिचर एकदाच दुसऱ्या जागी जाऊ शकतो, म्हणून अदलाबदल शक्यतो इनिंगच्या सुरुवातीला करावी. आणि पिचर फिल्डवर गेला की तुमचा फक्त बॅटिंग करणारा खेळाडू, म्हणजे डीएच, संपतो. त्या क्रमांकावर कोण मारणार, ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर स्कोअररच्या टेबलाशी वाद होतो.

मुलाच्या चेंडूंची मोजणी बाकावरच्या एकाने कागदावर रेघा मारून करायची. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट मार्गदर्शिकेप्रमाणे 17-18 वर्षांच्या मुलाने एका दिवसात 105 च्या वर जाऊ नये. 30 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकता येते. 31 ते 45 ला एक दिवस विश्रांती, 46 ते 60 ला दोन, 61 ते 80 ला तीन, त्यापुढे चार. तुमच्या मुलासाठी 105 विसरा, पहिले दोन महिने 45 पुरे. पिच केल्यावर त्याच दिवशी त्याला कॅचर करू नका. तिथेही खांदाच झिजतो. वर्षातले चार महिने हाताला पूर्ण विश्रांती हवी, त्यातले दोन-तीन सलग. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानात चिखलच असतो, तेव्हा तो काळ पायांच्या व्यायामाला द्या आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच रविवारी पूर्ण जोर लावू देऊ नका.

तो भरकटतो म्हणता, तर नेमके बघा. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याचे कोपर खांद्याच्या रेषेखाली येते का? चेंडू सलग वर राहू लागतात का? दोन चेंडूंमध्ये तो जास्त वेळ घेऊ लागतो का? तिन्ही दिसले तर तो थकलाय, घाबरलेला नाही. थकलेल्याला काढायचे, घाबरलेल्याला ठेवायचे. घाबरलेला मुलगा बेसवर रनर आल्यावरच बिघडतो. त्याला पुढच्या वेळी मुद्दाम रनर असताना, दोन आउट झाल्यावर, एकाच बॅटरसाठी आणा.

34 वर्षांच्या पिचरला हे सगळे मुलाच्या आधी आणि एकट्याला सांगा. आपली जागा जातेय, हे त्याला बॅटिंग क्रमाच्या कागदावरून कळता कामा नये. मुलाला चेंडू पकडायच्या चार पकडी शिकवायला त्याच्याइतका योग्य माणूस तुमच्याकडे नाही.

प्रश्न: सामने आणि संघातले बदल आपल्या वेळेनुसार कधी बघायचे?
– वाचक, तुर्भे

न्यूयॉर्कचा संध्याकाळी 7.05 चा सामना आपल्याकडे पहाटे 4.35 ला, लॉस एंजेलिसचा 7.10 चा सकाळी 7.40 ला, ठाणे-वाशी लोकलच्या वेळेत बसतो. वर-खालीच्या घोषणा सहसा सामन्याच्या काही तास आधी होतात, म्हणजे पूर्वेकडच्या संघांच्या घोषणा आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास. महिन्यांचे म्हणाल तर एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा (सेवेच्या दिवसांचा हिशेब), जुलैची अखेर किंवा ऑगस्टची सुरुवात (सौद्यांची मुदत संपते तेव्हा), 1 सप्टेंबर (यादी 26 वरून 28 होते) आणि नोव्हेंबरचा मध्य (रूल फाइव्हपासून वाचवायची नावे ठरतात).